दर तिसरा ऊस

मंदाताई,

ज्यांनी तुला मारलं त्यांनीच तुझा फ्लेक्स लावलाय. मांजरी गावच्या चौकात, रिक्षा स्टँडच्या वर, माणसाच्या दुप्पट उंचीचा. फोटोत तू हिरव्या साडीत आहेस. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल', आणि शोकाकुलांत पहिलं नाव बाळासाहेबाचं, दुसरं दत्ताचं. तुझे दोन सख्खे भाऊ. एकानं तुझ्या डोक्यात फावडं घातलं, दुसरा हाताची घडी घालून बघत उभा राहिला. सात-बाऱ्यावर तुझं नाव नीट लागू नये म्हणून ज्यांनी तलाठ्याच्या कचेरीचे उंबरे झिजवले, त्यांनी ते फ्लेक्सवर मात्र फुटाफुटाच्या अक्षरांत छापलं.

मी तो फाडायला निघाले होते. ब्लेड घेतलं होतं. अम्मीनं हात धरला.

"फाडू नको," म्हणाली. "त्या गावात तिचं नाव पहिल्यांदाच एवढं मोठं लागलंय."

हे आपल्या संघटनेच्या अंकात छापायचं आहे. संपादक मंडळानं बजावलंय की श्रद्धांजलीत शिव्या नकोत. ठीक आहे. शिव्या देत नाही. जे झालं तेवढंच लिहिते. ते शिव्यांपेक्षा घाण आहे.

आपली ओळख हडपसरच्या मंडईतली. मी पत्रकं वाटत होते, तू मेथीच्या जुड्या विकत होतीस. मी तुझ्या हातात पत्रक दिलं आणि तू त्यात सरळ मेथी गुंडाळून गिऱ्हाइकाला दिलीस. मी भडकले.

"मावशी, ते वाचायचं असतं!"

"वाचंल की ती बाई घरी जाऊन. मेथी निवडता निवडता. नुसतं हातात दिलंस तर फाटकापाशी टाकून देईल. आन् मावशी कुणाला म्हणतीस? केस काळं हायेत माझं."

त्या दिवशी तू माझा अख्खा गठ्ठा मेथीबरोबर संपवलास. एक मात्र घडी करून पोलक्यात ठेवलंस. पुढच्या खेपेला तेच बाहेर काढलंस, घामानं मऊ झालेलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलंस. ती ओळ आमच्या गटातल्या वकीलबाईंनी घातली होती, मी ठळक अक्षरांत छापली होती: 'वाटप होईपर्यंत सामाईक जमिनीच्या इंच-इंचावर प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क असतो.'

"इंच-इंच म्हंजे?"

"म्हणजे सगळीकडे. अमुक कोपरा भावाचा, तमुक कोपरा बहिणीचा, असं वाटप होईपर्यंत नसतं."

"जिमिनीत ऊस असला तर?"

"तर उसातही."

"परत्येक उसात?"

"हो, प्रत्येक उसात," मी म्हणाले आणि पुढच्या गाळ्याकडे गेले.

तुझी हकीकत मला हळूहळू कळली. नवरा गेला, मूल नव्हतं, सासरच्यांनी पिशवी भरून दिली आणि तू मांजरीला परत आलीस. भावांनी शेताच्या कडेला पत्र्याची खोली बांधून दिली. गाव म्हणालं, बघा, केवढे मनाचे मोठे भाऊ! आईवडील दोघेही गेलेले, तुम्ही तीन भावंडं, जमीन वडिलोपार्जित. कायदा बदलून मुलगी जन्मतःच मुलाइतकी हिस्सेदार झालेली. म्हणजे सरळ तीन हिस्से. पण सात-बाऱ्यावर भावांची नावं मालकांच्या रकान्यात, आणि तुझं 'इतर हक्क' म्हणून असतं तिथं, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाखाली. एक बोजा सोसायटीचा, एक बहिणीचा.

मग एक दिवस सकाळी तुझा फोन आला. आवाजात लग्नघराचा उत्साह.

"शाईन, ये लवकर. घेतला म्या माझा हिस्सा."

मी आले आणि बांधावर उभी राहिले. समोर उसाची लांबच लांब सरी. एक ऊस उभा, दुसरा उभा, तिसरा गायब. पुन्हा एक उभा, दुसरा उभा, तिसरा गायब. जुन्या फणीसारखी दिसत होती ती सरी. तू प्रत्येक तिसरा ऊस बुडापासून तोडला होतास आणि मोळ्या बांधून आपल्या दाराशी रचल्या होत्यास. कोयता पदराला पुसत होतीस.

मी आधी हसले. इतकी हसले की बांधावर बसले. मग डोक्याला हात लावला.

"ताई, इंच-इंच म्हणजे असं नाही गं."

"मग कसं? तूच म्हणलीस परत्येक उसात."

"तो हक्क आहे. हक्क म्हणजे हिशोबात. तोडायचं असेल तर तिघांनी मिळून, नाहीतर कोर्टात वाटप मागून."

"म्हंजे माझा हाय, पर घ्यायचा न्हाय."

"तसं नाही..."

"मग ठळक अक्षरात कशाला छापलंस?"

हा आपला पहिला वाद. तो संपला नाही, कारण तेवढ्यात बाळासाहेब बुलेटवरून आला. गाडी बंद न करताच उतरला.

"हे काय केलंस, मंदे?"

"तुमचं दोन-दोन सोडल्यात. मोजून बघ."

त्यानं मोजलं नाही. तुझं मनगट धरलं आणि ओला कपडा पिळावा तसं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज मला बुलेटच्या आवाजातूनही ऐकू आला. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. त्यानं मला मागच्या मागे कोपर मारलं आणि माझ्या ओठातून रक्त आलं. दत्ता बांधावरून ओरडत होता, "दादा, जाऊ दे, लोक बघत्यात." लोक बघत होते. नुसते बघत होते. आणि कोयता अजून तुझ्या डाव्या हातात होता, ताई. तू तो उगारला नाहीस. हे इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता गावात म्हणतात की मंदा कोयता घेऊन भावांच्या अंगावर जायची.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच तू विचारलंस, "तुमच्यात किती मिळतं गं बहिणीला?"

"भावाच्या निम्मं."

"म्हंजे दोन भाऊ, एक बहीण..."

"दोन, दोन, एक. पाचवा हिस्सा. तू आमच्यात असतीस तर दर पाचवा ऊस तोडला असतास."

"लई कंजूस हाय की तुमचा कायदा!" तू एवढ्या मोठ्यानं हसलीस की नर्स रागावली.

कंजूस आहेच. ते मी आमच्या मोहल्ल्यात छापून वाटलंय आणि त्याबद्दल दारावर दगड खाल्लेत. पण मी तुला तेव्हा दुसरी बाजूही सांगितली. आमच्यात बाप जिवंत असेपर्यंत कुणाचंच काही नसतं, मुलाचंही नाही. जन्मानं कुणी मालक होत नाही. बाप गेला की त्याच क्षणी आईचा, मुलाचा, मुलीचा अपूर्णांक ठरतो. एका चुलीवर जेवा, एका छपराखाली झोपा, हिस्सा ज्याचा त्याचा वेगळाच. सगळ्यांच्या वतीनं सही ठोकणारा कर्ता नाही. आणि बापानं मृत्युपत्र करून सगळं मुलाला द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही. जिवंतपणी कुणाला देऊन टाकलं तर गोष्ट वेगळी. पण मरताना मुलीला शून्य करता येत नाही. तुमच्यात मुलीला पूर्ण आहे, मुलाइतकं, बरोबरीचं. पण ते कुठल्या बांधात, कुठल्या सरीत, हे वाटप होईपर्यंत कुणी सांगायचं नाही. सगळं सगळ्यांचं. आणि सगळं सगळ्यांचं म्हटलं की मनगट पिळणाऱ्याचं.

"शून्य करता येत न्हाय म्हणतीस."

"कागदावर नाही."

"आन् हातात?"

मी तुझ्या प्लास्टरकडे बघितलं.

"मग काय, सारखंच की गं," तू म्हणालीस. "तुझा पाचवा, माझा तिसरा. दोघींचा ऊस त्यांच्याच ट्रॅक्टरमधी."

मला ते तेव्हा पटलं नाही. मी तुझ्याशी भांडले. कायद्यात फरक असतो, अपूर्णांकात फरक असतो, त्याच्यासाठीच लढायचं असतं, असं बरंच काही पत्रकी बोलले. तू प्लास्टरवर बॉलपेननं फूल काढत ऐकून घेतलंस.

प्लास्टर गळ्यात अडकवूनच तू कोथरूडला आलीस, माझ्या भाषणाला. सोसायटीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत निवृत्त मंडळी. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "आपण छान माहिती दिलीत. पण हे प्रकार तिकडे शेताबितात. आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. मी गेलो की हिचा. शिवाय नॉमिनीही हीच. विषय संपला."

मी सांगितलं की संपत नाही. दोघांची नावं म्हणजे निम्मा तुमचा, निम्मा त्यांचा. तुम्ही गेलात आणि मृत्युपत्र नसलं तर तुमचा निम्मा आपोआप त्यांना जात नाही; पत्नी, मुलं आणि तुमची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत सांभाळणारा.

"म्हणजे माझ्या आईलासुद्धा?" त्यांचा आवाज चढला.

शेवटच्या रांगेतून तू उठलीस. "का वो, आई हायेत न्हवं?"

"आहे."

"कुठं असत्यात?"

"वारज्याला. वृद्धाश्रमात. उत्तम व्यवस्था आहे."

"मग तुमी जायच्या आधी त्यांना फ्लॅट एकदा दाखवून तरी आणा."

पहिली हसली ती त्यांची बायको. मग हॉल हसला. ते गृहस्थ हसले नाहीत, आणि भाषणानंतर सगळ्यांना चहा आला, आपल्या दोघींना आला नाही. पुण्यात याला मतभेद म्हणतात. परतीच्या बसमध्ये तू मला म्हणालीस, "शेरातबी आई शेवटच्या रकान्यातच हाय की गं."

आता जे लिहायचंय ते रागाचं नाही. अब्बा गेले तेव्हाचं. नाना पेठेत आमचं गाडीच्या सीटा शिवायचं दुकान, वर घर. तू आलीस, अम्मीजवळ बसलीस, तिचे केस विंचरलेस. तिला तुझं बोलणं निम्मं कळत होतं, तुला तिचं निम्मं, आणि तुमचं दुपारभर चाललं होतं. उठताना तू दारात इम्रानला, माझ्या भावाला, थांबवलंस.

"भाऊ, बहिणीचं काय ते आजच बोल. उद्या तुझा हात जड होईल. माझ्या भावांचा असाच झाला. आधी वाईट नव्हते ते."

इम्रान पांढरा पडला. "हे बोलायचा दिवस आहे का, ताई?"

"ह्याच दिवशी माणूस खरं बोलतं."

त्यानं कित्येक दिवस माझ्याशी अबोला धरला. अम्मीही तुझ्यावर चिडली होती. मीसुद्धा, खरं सांगायचं तर. मग एकदा जेवताना इम्राननं ताटाशेजारी दुकानामागच्या खोलीची किल्ली ठेवली. "हिशोबानं तुझं याच्यापेक्षा थोडं कमीच बसतं," म्हणाला. "राहू दे. भाजी वाढ." माझ्या सगळ्या पत्रकांनी माझ्या स्वतःच्या घरात जे केलं नाही ते तू उंबऱ्यात उभं राहून केलंस. त्या खोलीत आता आपली पत्रकं असतात, सीटांच्या रेक्झिनच्या वासात. तुला मी कधी थँक्यू म्हटलं नाही. तू म्हणाली असतीस, बसचं तिकीट काढ, थँक्यू नको.

आणि एवढी सगळ्यांना शहाणपण शिकवणारी तू, मृत्युपत्र म्हटलं की दगड व्हायचीस. हा आपला सगळ्यात मोठा वाद. तुझ्या खोलीच्या दारात आपण बसलो होतो, तू दातानं ऊस सोलत होतीस.

"ताई, कर ना. मला एक तृतीयांशच देता येतं, तेही वारसाला नाही. तुला अख्खा हिस्सा पाहिजे त्याला देता येतो. इतकं मोकळं रान कायद्यानं तुला दिलंय. पूजाच्या नावानं कर."

पूजा म्हणजे बाळासाहेबाची मुलगी. कॉलेजात जाणारी, घरी भांडण झालं की तुझ्या खोलीत येऊन झोपणारी.

"तिला मिळंलच की. माझ्या मागं भाऊ, भावाच्या मागं ती."

"भाऊ तिला देईल?"

"तिचा बाप हाय त्यो."

"तूही कुणाची तरी मुलगीच होतीस."

तू ऊस खाली ठेवलास. "हिस्सा मागणं येगळं आन् त्यांना तोडणं येगळं. दत्ताला म्या कडंवर वाढवला. कागद करून त्याला सांगू, की तू माझा कोण न्हाईस?"

"त्यानं तुझं मनगट मोडताना बघितलं!"

"आरडला की त्यो. 'जाऊ दे' म्हणला."

मी उठून चालू लागले. मागून तू हाक मारलीस, ऊस तरी घेऊन जा म्हणालीस. मी वळले नाही. वादात माझंच बरोबर होतं, ताई. आजही माझंच बरोबर आहे. कुणाशी बोलू?

भाऊबीजेला बाळासाहेब साडी घेऊन आला. हिरवी. साडीच्या पिशवीत खाली हक्कसोडपत्र, आणि फटफटीवर मागे टायपिंगवाला बसलेला. बहिणीनं हसत हसत सही करायची, आपला हिस्सा भावांना सोडायचा, साडी नेसून जेवायला बसायचं. हे इतकं ठरलेलं आहे की टायपिंगवाल्याला पानावर किती जागा सोडायची ते पाठ आहे. तू साडी नेसलीस. भावाला ओवाळलंस. दोघांना पोटभर जेवू घातलंस, टायपिंगवाल्याला पुरणपोळीवर दोनदा तूप वाढलंस. आणि कागद परत पिशवीत घालून पिशवी बाळासाहेबाच्या हातात दिलीस.

"साडी भावाची म्हणून घेतली. सही बापाच्या जिमिनीची हाय. ती भाऊबीजंला द्यायची चीज न्हाय."

पूजानं त्या दिवशी तुझा फोटो काढला. फ्लेक्सवर तोच आहे.

मग आपण वाटपाचा दावा लावला. कोर्टानं उभं पीक बघून अहवाल द्यायला माणूस नेमला. तो यायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या भावांनी ऊस पेटवला. ज्यांना शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते: पेटलेला ऊस वाळतो, वजनात घटतो, म्हणून कारखाना तो आधी नेतो. पाती जळतात, कांडी राहते, तोडणीवाले लगेच घुसतात. साहेब येऊन बघेपर्यंत शेतात नुसती धसकटं. कशाचा तिसरा हिस्सा मोजणार?

सकाळी धूर निवला नव्हता तेव्हा तू कोयता घेऊन त्या काळ्या रानात शिरलीस. मला फोन केलास. मी ओरडले, थांब, मी येते, साहेबांना येऊ दे, आत जाऊ नको. तू म्हणालीस, "समदा चाललाय की गं. माझा तरी ठेवते." हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. सगळा वाद त्यातच होता आणि तू फोन ठेवलास.

मी पोचले तेव्हा तोडणीवाले कोयते खाली धरून उभे होते. तू सरीत पालथी पडली होतीस. काजळी आणि रक्त मिळून डांबरासारखं काहीतरी झालं होतं, त्यात तुझे केस चिकटले होते. मागून कवटी फुटली होती. माझा हात तिथं लागला, आणि तिथं मऊ लागलं. ते मी विसरणार नाही आणि कुणाला विसरू देणार नाही.

"धुरानं चक्कर आली," बाळासाहेब पोलिसांना सांगत होता. "धसकटावर पडली. लई समजावलं, आत जाऊ नको म्हणून. बहीण हाय वो आमची." दत्ता रडत होता. खरंच रडत होता, आणि तेच मला सगळ्यात असह्य झालं.

पालथी पडलेल्या बाईचं डोकं मागून कसं फुटतं? मी विचारलं. मला सांगण्यात आलं, मॅडम, तुम्ही नातेवाईक आहात का? अकस्मात मृत्यूची नोंद झाली. संध्याकाळपर्यंत सगळा ऊस ट्रॅक्टरमधून गेला. तुझासुद्धा.

आणि आता कायदा ऐक, ताई, तुला फार हौस होती. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर आईबापाकडून आलेला हिस्सा बापाच्या वारसांकडे परत जातो. म्हणजे बाळासाहेब आणि दत्ता. तुझा तिसरा ऊस ज्यांनी तुला तोडू दिला नाही त्यांच्याच मोळीत तो आपोआप जाऊन पडतो. साडी नको, सही नको, टायपिंगवाला नको. आडवी येणारी एकच गोष्ट आहे: खून करणाऱ्याला खून झालेल्याचा वारसा मिळत नाही. पण त्यासाठी आधी कुणीतरी त्याला खून म्हणावं लागतं. आमच्याकडचे जुने जाणते तर म्हणतात, आपल्या हातून माणूस चुकून मेला तरी मारणाऱ्याचा वारसा गेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हे मातुर तुमचं चांगलं हाय."

कोण म्हणणार खून? तोडणीवाले दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला गेले. त्यांच्या मुकादमाला काहीच दिसलेलं नाही. गाव म्हणतं, बहिणीनं भावांच्या उसाला कोयता लावला, मग काय होणार? दत्ता बोलणार नाही. उरली पूजा. त्या सकाळी ती तुझ्याबरोबर होती, आणि तिला घराबाहेर पडू देत नव्हते.

परवा ती आली. कॉलेजची सॅक घेऊन, बसनं, नाना पेठेत विचारत विचारत. मागच्या खोलीत पत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी अम्मीनं तिची गादी घातली. अम्मीनं तिलाही केस विंचरू का विचारलं. तिनं मान हलवली. मग तिच्या आईचा फोन आला. पूजानं स्पीकर लावला आणि फोन माझ्यासमोर धरला, मी ऐकावं म्हणून.

"बाप आत गेला तर तुझं लग्न कोण करील? शेत कोण बघंल? मेलेली मेली. तू जित्या माणसांचं बघ."

पूजानं फोन ठेवला. मी तिला काहीही म्हणणार नव्हते. तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य पत्रकातलं होतं, आणि समोर बसलेल्या पोरीला तिच्या बापावर बोट ठेवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला छापण्यासारखं काही सुचलं नाही. अम्मीनं तिला जेवू घातलं. काल सकाळी तिनं चपला घातल्या आणि म्हणाली, "चल, शाहीनताई."

पोलीस चौकीत साहेब समजुतीच्या सुरात बोलले. "बाळ, नीट विचार कर. वडील आहेत तुझे."

"आत्या पण माझीच होती."

"धूर होता ना तिथे? मग दिसलं कसं?"

"धूर होता. आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिला ऊस नीट दिसत नव्हते. म्हणून मी मागून मोजत होते. एक, दोन, तीन. तीन म्हटलं की ती तोडायची. पप्पा मागून आले. मी खाली बघून मोजत होते, म्हणून आधी फावडंच दिसलं. ते उचललं गेलं. मला ओरडायचं होतं, पण तोंडात आकडेच होते. मी 'तीन' म्हणाले. कोयत्याचा आवाज आला नाही."

साहेबांचं पेन थांबलं. "मग?"

"मग मी परत म्हणाले, तीन."